रंग नको, गळा पाहा

मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर भागात वाळवंटी टोळधाड उतरली. तेव्हापासून लातूर-नांदेडकडे कोवळं सोयाबीन कुरतडलेलं दिसलं की मोबाइलवर फोटो फिरू लागतो आणि प्रश्न येतो, ‘हे टोळ तर नव्हेत?’ फोटो बहुधा वरून काढलेला असतो. प्रजाती ओळखायला नेमका तोच सर्वांत कमी उपयोगी.

रंग तर साफ फसवतो. वाळवंटी टोळ एकटा वाढला तर राखाडी-तपकिरी दिसतो, झुंडीत वाढला तर आधी गुलाबी आणि पूर्ण वयात पिवळा होतो. स्थलांतरी टोळाच्या दोन वेगळ्या जाती मानल्या जात होत्या. त्या एकाच जातीची दोन रूपं आहेत, हे बोरिस उवारोव यांनी १९२१ मध्ये मांडलं. गर्दीमुळे पाठीवरच्या ढालीची ठेवणसुद्धा बदलते!

म्हणून कीटक उलटा करून भिंग घ्या. पुढच्या पायांच्या मधोमध, गळ्याखाली, वाळवंटी टोळाला म्हणजे शिस्टोसर्काला एक बोथट खुंटी असते. बॉम्बे टोळालाही ती असते, पण मागे वाकलेली. आपल्या रानात नेहमी भेटणारा ढेकळाच्या रंगाचा, खरबरीत, चपटा क्रोटोगोनस नाकतोडा मात्र वेगळाच. थंडीत शर्टाची कॉलर हनुवटीवर ओढून घ्यावी, तशी त्याच्या छातीची पुढची कड तोंडापर्यंत चढलेली असते. हे एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

ज्वारीतला कोलमानिया नाकतोडा आणखी चकवतो. पूर्ण वाढला तरी त्याला उडता येत नाही, त्यामुळे तो टोळाचं पिल्लू वाटतो. त्याच्या डोक्याच्या टोकाशी मधोमध असलेली बारीक खाच पाहा. क्रोटोगोनस आणि रुईवरचा रंगीत नाकतोडा याच कुळातले, त्यांनाही ती असते. स्पेनच्या इग्नासिओ बोलिव्हार यांनी १९१० मध्ये कोलमानिया प्रजातीला म्हैसूर संस्थानातले कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांचं नाव दिलं. दख्खनच्या ज्वारीवरच्या या किडीचा कोलमन यांनी नेटाने अभ्यास केला, तरी ज्वारीच्या मुलखात त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

प्रजाती कळली की उपायही ठरतो. उडणारी झुंड आज इथे तर उद्या दुसऱ्या जिल्ह्यात. कोलमानिया मात्र जिथे जन्मतो त्याच शिवारात राहतो आणि अंडी मातीत घालतो. उन्हाळी नांगरटीत ती उघडी पडून वाळतात, पाखरं टिपतात. तेव्हा कृषी सहायकाला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाला फोटो पाठवताना एक वरून, एक बाजूने आणि एक गळ्याखालचा काढा. औषधाचा पंप भरायचा तो उत्तर आल्यावर.