रिमोट बंद पडला, तर रोबोट काय करेल?



आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधल्या रोबोवॉरचे व्हिडिओ मुलं आवडीने बघतात. चौथीच्या वर्गात असाच एक व्हिडिओ बघताना एका मुलीने विचारलं, "बाई, मध्येच रिमोट बंद पडला तर?" प्रश्न अगदी योग्य आहे. काही रोबोटांचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं.

याचं उत्तर आहे 'फेलसेफ'. रिमोटचे आदेश रेडिओ लहरींनी रोबोटमधल्या रिसीव्हरकडे सतत येत असतात. ते यायचे थांबले, की काय करायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. चाकं थांबवायची आणि हत्यार बंद करायचं. काही रिसीव्हर मात्र शेवटचा आदेशच धरून ठेवतात. तो आदेश 'पुढे जा' असेल, तर रोबोट जातच राहणार!

रेल्वेचा एअर ब्रेक आठवा. नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. डबे तुटून नळी फाटली, दाब गेला, की ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झालाच, तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हेच तत्त्व इथेही आहे.

इथे एक चूक हमखास होते. फेलसेफ नोंदवताना स्टिक जिथे असते, तीच जागा बरेच रिसीव्हर लक्षात ठेवतात. हत्याराची स्टिक वर राहिली, तर संपर्क तुटताच पातं सुरू होईल! म्हणून तपासून बघायचंच. हत्यार काढून किंवा अडकवून ठेवा, चाकं अधांतरी राहतील असा रोबोट ठोकळ्यावर ठेवा, चाकं फिरवा आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. हत्याराची चाचणी मात्र बंदिस्त आखाड्यातच.

क्रमही पाठ हवा. सुरू करताना आधी रिमोट, मग रोबोट. बंद करताना आधी रोबोट, मग रिमोट.

पण मोटर चालवणारा कंट्रोलरच जळाला, तर फेलसेफचा उपयोग नाही. त्यासाठी बॅटरीचा प्रवाह तोडणारी लिंक आणि पात्याला अडकवायची खीळ लागते. शिवाय मोटर बंद झाली, तरी जडत्वामुळे पातं काही वेळ फिरतच असतं. ते पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही.

वर्गात हा खेळ घ्या. टाळी वाजतेय तोवर चालायचं, थांबली की पुतळा. दुसऱ्या फेरीत टाळी थांबली तरी हळूहळू चालत राहायचं. मुलं भिंतीपाशी पोचली, की फेलसेफ का हवा, ते तीच सांगतील.