पावसाची सावली : वाचता येणाऱ्या मुलांचे न-वाचन

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी सहावी-सातवीला शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. भूगोलाचा तास होता. सातवीतल्या एका मुलीने सह्याद्री, मोसमी वारे आणि पर्जन्यछायेचा प्रदेश यांविषयीचा परिच्छेद मोठ्याने वाचला. एकही जोडाक्षर अडले नाही, विरामचिन्हांवर आवाज नेमका थांबला. मी खूश झालो आणि सहज विचारले, "मग आपल्याकडे पाऊस कमी का?" वर्ग गप्प. थोड्या वेळाने तीच मुलगी म्हणाली, "गुरुजी, पावसाची सावली आपल्यावर पडत्या म्हणल्यावर पाऊसबी आपल्याकडंच पडाय पायजे की!"

वर्ग हसला, मला मात्र हसू आले नाही. मुलीने 'पर्जन्य' आणि 'छाया' हे दोन्ही शब्द ओळखून त्यांची तर्कशुद्ध सांगड घातली होती. चूक होती ती माझी. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या आमच्या माणमध्ये जेमतेम ५००च्या आसपास. ज्या दुष्काळात ती वाढली, त्याचे कारण तिने नुकतेच खणखणीत आवाजात वाचले होते आणि ते तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

असे का होते, याचा शोध मी पुढे बरीच वर्षे घेत राहिलो. पहिले उत्तर आपल्या लिपीतच सापडले. देवनागरीत लिहिल्याप्रमाणे बहुतांशी उच्चार होतो. इंग्रजी वाचणारे मूल अनोळखी शब्दापाशी अनेकदा अडखळते आणि शिक्षकाला अडचण दिसते. मराठी मूल मात्र बाराखडी आणि जोडाक्षरे पक्की झाली की 'बाष्पीभवन', 'विकेंद्रीकरण', 'पर्जन्यछाया' हे सारे न अडखळता उच्चारते. लिपीचा हा गुण पहिली-दुसरीत वरदान ठरतो. पाचवीनंतर तोच अडचण झाकून टाकतो. तोंड पुढे धावते आणि अर्थ मागे राहतो.

दुसरे उत्तर आमच्या प्रश्नोत्तरांत होते. वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. हे वाक्य वाचा : 'सणक्या ढोमराने कवतीच्या रुणात तीन फिंगळ्या खोवटल्या.' आता उत्तरे द्या. फिंगळ्या कोणी खोवटल्या? किती खोवटल्या? कुठे खोवटल्या? तिन्ही उत्तरे तुम्हाला आली, पैकीच्या पैकी गुण! वाक्याला मात्र काडीचाही अर्थ नाही. ते मी आत्ताच रचले आहे. मराठीचे विभक्तिप्रत्यय उत्तराची जागा दाखवतात आणि मूल तेवढा तुकडा उचलून वहीत उतरवते. अशा उत्तरांवर मी वर्षानुवर्षे लाल शाईने 'छान' लिहिले. 'ढोमराने फिंगळ्या का खोवटल्या असतील?' असा प्रश्न मात्र कधी विचारला नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचन म्हणजे लिपी उलगडणे गुणिले भाषा समजणे. इथे गुणाकार आहे, बेरीज नव्हे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असले की उत्तर शून्य. आपल्या शाळांत पहिल्या अवयवावर मेहनत होते आणि दुसरा आपोआप येईल असे गृहीत धरले जाते. २००५पासून होणारी 'असर' पाहणी दाखवते, की ग्रामीण भारतात पाचवीतली जवळपास निम्मी मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत नाहीत. त्यावर चर्चा होते आणि व्हायलाच हवी. पण त्या चाचणीची सर्वांत वरची पायरीच दुसरीची गोष्ट आहे. ती पायरी चढलेल्या मुलापुढे सहावीत अचानक इतिहास, विज्ञान आणि नागरिकशास्त्राची भाषा येते. ती ना घरात बोलली जाते, ना मैदानात. ती शिकवायची कोणी? भाषेचा शिक्षक म्हणतो, तो विज्ञानाचा धडा. विज्ञानाचा शिक्षक म्हणतो, वाचायला तर येते.

उपायाची दिशा मला अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसली. ॲनमरी पॅलिन्सर आणि ॲन ब्राऊन यांनी १९८४ साली नेमक्या अशाच, वाचता येणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या सातवीच्या मुलांसोबत काम केले. रीत सोपी होती. छोट्या गटाने एक परिच्छेद वाचायचा आणि मग एका मुलाने शिक्षक व्हायचे. त्याने चार कामे करायची : प्रश्न विचारायचा, थोडक्यात सार सांगायचे, अडलेला शब्द किंवा वाक्य सोडवायचे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. सुरुवातीला शिक्षक करून दाखवतो, मग हळूहळू बाजूला होतो. मुलांच्या आकलनात चांगली सुधारणा झाली.

मी चार-चार मुलांचे गट केले. पहिला आठवडा फुकट गेला. 'गुरुजी' झालेले मूल प्रमाणभाषेत बोलायला जाई आणि अडकून बसे. मग मी सांगितले, घरी बोलता तसे बोला. त्या दिवशी वर्गाला तोंड फुटले. 'बाष्पयुक्त वारे' म्हणजे 'वल्लं वारं', असे एकाने ठरवले. ते डोंगर चढताना थंड होते आणि तिकडच्या अंगाला रिते होते. उतरताना तापते, कोरडे पडते आणि आपल्याकडे येते, असे दुसऱ्याने जुळवले. आणि 'छाया' ही पावसाची सावली नसून डोंगराने अडवलेली जागा आहे, हे त्याच मुलीने सांगितले, "भिंतीआडच्याला वारं लागत न्हाई, तसं."

बोलणे झाल्यावर लिहिणे. इथेही मी एक बदल केला. 'टिपा लिहा' याऐवजी 'पाऊस का पडत नाही हे आजीला समजावून सांगा' असे लिहायला दिले. ऐकणारा माणूस डोळ्यांसमोर असला की वाक्ये उतरवून काढता येत नाहीत, रचावी लागतात. पहिला खर्डा बोलीत, दुसरा प्रमाणभाषेत. दोन्ही खर्डे वहीत शेजारी-शेजारी राहत, म्हणजे एक भाषा पुसून दुसरी आली असे मुलाला वाटत नसे. लाल शाई मी फक्त दुसऱ्या खर्ड्यावर वापरत असे आणि तीही अर्थ तुटला असेल तिथेच.

वाचन, लेखन आणि संभाषण ही तीन कौशल्ये आपण वेळापत्रकात वेगळी मांडतो. माझा अनुभव असा, की उच्च प्राथमिक वर्गांत ती वेगळी राहूच शकत नाहीत. बोलल्याशिवाय वाचलेले कळत नाही आणि लिहिल्याशिवाय कळलेले टिकत नाही. यासाठी पैसा लागत नाही. लागतो तो वर्गात थोडा गलका सहन करण्याचा धीर. शांत वर्ग हा चांगला वर्ग, असे मानत मी अर्धी नोकरी घालवली.

त्या मुलीने आजीला लिहिलेले खरोखरच वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी तिने मला आजीचा प्रश्न आणून दिला : "डोंगर तर पहिल्यापास्नं हाय, मग माझ्या लहानपणी वढ्याला पाणी कसं व्हतं?" आमच्या पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते. पुढचे तीन तास आम्ही तेच शोधत होतो.