लिहिणं, पळणं, वाचणं: मुराकामींचा दिवस

व्यायाम, वाचन आणि लेखन रोज कसं जमवायचं, असं कुणी विचारलं की मी जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामींबद्दल सांगते. टोकियोत ते जॅझ बार चालवायचे. रात्री उशिरापर्यंत काम. बार विकून पूर्णवेळ लेखन सुरू केलं आणि बसून बसून वजन वाढायला लागलं, त्यात दिवसाला 60 सिगारेटी. मग 1982 मध्ये, वयाच्या 33व्या वर्षी, ते पळायला लागले. 1996 मध्ये तर होक्काइदोत सारोमा सरोवराकाठी सलग 100 किलोमीटर पळाले!

कादंबरी चालू असली की पहाटे 4 ला उठून पाच-सहा तास लेखन. दुपारी 10 किलोमीटर पळणं नाहीतर 1500 मीटर पोहणं. मग वाचन, संगीत. रात्री 9 ला झोप. हा क्रम बघा ना, डोकं ताजं असताना लेखन आणि ते थकलं की शरीराला काम.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. अजून लिहिता येईल असं वाटत असतानाच ते थांबतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडी लगेच सुरू होते. वर्षभर मीही हेच करतेय. वही मिटताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धवट सोडते. सकाळी चहाला उकळी येईपर्यंत ते मनात पूर्ण झालेलं असतं.