केकचं पिरिऑडिक टेबल
परीक्षा तोंडावर आलीय आणि केमिस्ट्रीच्या मॅडमनी समोर मांडलंय पिरिऑडिक टेबल... चक्क केकचं! प्रत्येक केकवर आयसिंगने लिहिलेलं मूलद्रव्याचं नाव. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात इडा फ्रॉइंड मॅडमनी खरंच हे केलं होतं. भारी ना?

पण याच मुलींना केंब्रिज डिग्री देत नव्हतं. त्यासाठी १९४८ उजाडावं लागलं. १९०४ मध्ये इडांसह १९ जणींनी लंडनच्या केमिकल सोसायटीचं सदस्यत्व मागितलं. दार उघडलं १९२० मध्ये. इडा १९१४ मध्येच गेल्या होत्या.

त्या मात्र दारात ताटकळत बसल्या नाहीत. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकांना त्यांनी प्रयोग शिकवले.

तुमच्या हातात पहिली परीक्षानळी कुणी दिली? त्या बाईंना आज एक फोन कराच!