कसोटी-संच आणि परके यंत्र

आज्ञावली तयार झाली म्हणजे ती बरोबर चालते की नाही हे पाहण्यासाठी लहान लहान कसोट्यांचा एक संच तिच्यासोबत ठेवण्याची प्रथा आहे. ज्या यंत्रावर हा संच रचला गेला त्या यंत्रावर तो सहसा दगा देत नाही. प्रश्न उद्भवतो तो यंत्र बदलल्यावर. नांदेड वा लातूर येथील प्रयोगशाळेत विद्यार्थी बहुधा इंटेल जातीच्या संगणकावर आज्ञावली लिहितो. ती ज्यांच्या उपयोगी पडावयाची त्यांच्या हाती मात्र आर्म जातीच्या प्रक्रियकाचे मोबाइल असतात.

‘नांदेड’ हा शब्दच उदाहरणादाखल घेता येईल. युनिकोडप्रमाणे त्यात सहा चिन्हे आहेत : न, काना, अनुस्वार, द, मात्रा आणि ड. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकास तीन, म्हणजे एकूण १८ बाइट लागतात, ‘लातूर’ला १५. यातील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ होय. आता सी भाषेच्या प्रमाणकाने साध्या अक्षर-प्रकारास ऋण किंमत असावी की नाही, हे कंपायलरवर सोपविले आहे. परिणामी तोच बाइट इंटेलवर सामान्यतः उणे ३२ असा वाचला जातो, आणि लिनक्सखालील आर्मवर २२४ असाच. ‘किंमत शून्याहून कमी, तर अक्षर देवनागरी’ असे गृहीत धरणारी आज्ञावली पहिल्या यंत्रावर सर्व कसोट्यांना उतरते आणि दुसऱ्यावर एकही देवनागरी अक्षर ओळखत नाही. ती शेतकऱ्यांच्या नावांची यादी जुळवीत असेल, तर या चुकीची किंमत कोणास मोजावी लागेल हे उघड आहे.

वास्तविक हा दोष परके यंत्र न आणताही सापडतो. अक्षर-प्रकार ऋण धरावा की न धरावा, हे सांगण्याची सोय जीसीसी कंपायलरमध्ये आहे. इंटेलवरच दोन्ही प्रकारे आज्ञावली सिद्ध करून संच दोनदा चालविला म्हणजे झाले. इतका स्वस्त उपाय क्वचितच योजला जातो, हे नवल होय.

एका यंत्रावर बसून दुसऱ्यासाठी अनुवाद करावयाचा असता अडचण निराळी असते. सिद्ध झालेली आज्ञावली अनुवादक यंत्रावर चालतच नाही. म्हणून कसोट्या बांधणे आणि चालविणे ही कामे प्रथमपासूनच वेगळी ठेवावी लागतात, आणि चालविण्याची आज्ञा एकाच ठिकाणी, बदलता येईल अशी लिहावी लागते. मग तेथे प्रत्यक्ष उपकरणाकडे आज्ञावली धाडणारी आज्ञा बसविता येते, किंवा फाब्रिस बेलार यांनी २००३ च्या सुमारास पुढे आणलेले क्यूएमू हे यंत्रानुकारी साधन.

परंतु अनुकार म्हणजे प्रत्यक्ष यंत्र नव्हे. क्यूएमू केवळ एखादी आज्ञावली चालविते तेव्हा फायली यजमान संगणकाच्याच असतात. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाच्या फायलीतील ‘ऱ’ पाहा. २०१७ पर्यंत मॅक संगणकांवर रूढ असलेली एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था या अक्षराची ‘र’ आणि नुक्ता अशी फोड करून नाव साठवीत असे; तीन बाइटांचे सहा होत. डोळ्यांस नाव तेच दिसते, पण बाइटागणिक तुलना करणारी कसोटी फसते. दोन्ही नावे एकाच प्रमाणित रूपात आणून मगच ती ताडावीत.

जी कसोटी परक्या यंत्रावर चालविताच आली नाही, तिची नोंद स्वतंत्र व्हावी. ऑटोमेक या साधनात त्यासाठी ७७ हा निर्गम-अंक राखून ठेवलेला आहे. शून्य परतविले, तर न झालेली परीक्षा उत्तीर्णांत मोजली जाते.