पगार थांबला तर? हिशेब दुसऱ्या वर्दीचा

संग्रामपूर, सोनाळा, पातुर्डा... सातपुड्याच्या पायथ्याशी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात. कुणाला अग्निवीर व्हायचंय, कुणाला पोलीस, तर एखाद्याच्या डोक्यात थेट पायलट! वर्दीचं आकर्षण असतंच, पण घरच्यांना त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे पक्का पगार.

पण पक्का म्हणजे किती पक्का?

२०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. जेट एअरवेजमध्ये तर पगार रखडत गेले आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेलं विमान शेवटचं ठरलं. लाखांत पगार घेणारे लोक एका रात्रीत घरी बसले. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर एसटीचा संप आठवा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. गावात लाल परी येईना म्हणून आपले कॉलेजचे वांधे झाले, पण ड्रायव्हर-कंडक्टरच्या घरात तेवढे महिने चूल कशी पेटली असेल?

संपात नियम साधा असतो. काम नाही, तर दाम नाही. कर्जाचा हप्ता मात्र कधीच संपावर जात नाही. पायलटच्या लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च लाखांत जातो. कर्ज काढून शिकलेल्याला हे टेन्शन जास्तच.

अमेरिकेतल्या बऱ्याच एअरलाइन पायलटांकडे यावर एक आधार असतो. ते नॅशनल गार्ड किंवा हवाई दलाच्या राखीव दलातही असतात. कंपनीत संप झाला तरी लष्करी ड्युटीचे पैसे वेगळ्या खिशातून येतात. ड्युटीवर गेलेल्याची मूळ नोकरी टिकावी, म्हणून १९९४ चा कायदाही आहे.

आपल्याकडे याच्या जवळचं म्हणजे टेरिटोरियल आर्मी, प्रादेशिक सेना. धोनी मानद लेफ्टनंट कर्नल आहे, तीच. अधिकारी होण्यासाठी वय १८ ते ४२, पदवी आणि मुख्य म्हणजे स्वतःची कमाई लागते. म्हणजे ही बेरोजगारांसाठीची भरती नाही, आधी नोकरी-धंदा हवा. सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्याला मालकाने परत कामावर घ्यावं, अशी तरतूद १९४८ च्या टेरिटोरियल आर्मी कायद्यात आहे.

पण मित्रांनो, याला विमा समजू नका. पैसे मिळतात ते प्रशिक्षणाचे किंवा प्रत्यक्ष सेवेचे. संप लागला म्हणून आपल्या सोयीने ड्युटी मागता येईलच असं नाही. दुसरी बाजूही आहे. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या टीए तुकड्या उभारल्या गेल्या, त्या अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्यासाठी. तेल क्षेत्राची अशी एक तुकडी आपल्या विदर्भात कामठीला आहे. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात गाड्या चालवायला रेल्वेच्या टीए जवानांना बोलावलं होतं. सहकारी संपावर आणि आपण वर्दी घालून त्यांच्याच जागी! पगार सुरू राहतो, पण नंतर त्याच लोकांसोबत डबा खायचा असतो. सही करण्याआधी याचाही विचार करायला हवा.

मग करायचं काय? पहिल्या पगारापासून निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला पडतील, असं बघा. तो पैसा गाडीला किंवा लग्नाला हात न लावता ठेवा. कमाईचा दुसरा मार्ग शोधताना तो पहिल्याच मालकाच्या हातात नाही ना, हे तपासा. शेती, शिकवणी, दुकान, काहीही चालेल. कापूस पडला तर तुरीवर घर निघावं म्हणून आपले बाप कपाशीत तुरीचं तास टाकतात. नोकरीतही तेच करायचं आहे.