चाल बघा, फॉल्ट ओळखा!

सबमिशनच्या आठवड्यात सकाळच्या लेक्चरला निघालेली हॉस्टेलची जनता कधी नीट पाहिलीत? कोणी चपला घासत, कोणी जर्नलांच्या गठ्ठ्याखाली भेलकांडत, कोणी पाय मुरगळल्याने लंगडत! इंग्रजीत यातल्या प्रत्येकासाठी वेगळं क्रियापद आहे. कॉन्व्हेंटमध्ये ही क्रियापदं आम्ही स्पेलिंगसकट पाठ केली. इंजिनिअरिंगला आल्यावर वाटलं, अरे, हा तर फॉल्ट शोधायचा तक्ताच आहे! बिघाड कुठे आहे, त्यावरून शब्द ठरतो.

बिघाड एका पायात असेल तर 'लिंप'. दुखऱ्या पायावर माणूस कमीत कमी वेळ भार देतो आणि चालीचा ठेका बिघडतो. म्हणजेच आपलं लंगडणं. पाय ठणकत असताना छोटी छोटी पावलं टाकत कसंबसं पुढे सरकणं म्हणजे 'हॉबल'. गंमत म्हणजे घोडा लांब जाऊ नये म्हणून त्याचे पाय बांधण्यालाही इंग्रजीत हॉबलच म्हणतात. आपला 'पायबंद' आठवला ना?

पाय धड, पण तोल गेला, तर 'स्टॅगर'. कारण दारू असो, चक्कर असो की न झेपणारं ओझं. माणूस झोकांड्या खातो. त्यात गरगरणं मिसळलं की 'रील'. एकदाच एका बाजूला जोरात झोक गेला तर 'लर्च', घाटात एस.टी. वळली की उभ्या प्रवाशाचं होतं ते. बिघाड रस्त्यात असेल, म्हणजे दगड किंवा उंबरा आडवा आला, तर 'स्टंबल', ठेचकाळणं. पाऊल जमिनीवरून नीट उचललंच जात नसेल तर 'शफल'. बदकासारखं दोन्ही बाजूंना डुलत चालणं 'वॉडल'. आता पडेल की मग पडेल, असं चालणं 'टॉटर'. आणि बाळाचं दुडुदुडु चालणं 'टॉडल'. म्हणून ते बाळ 'टॉडलर'!

मग मराठी गरीब आहे का? मुळीच नाही. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली दाखवून दिलं, की हालचाल सांगताना प्रत्येक भाषा क्रियापदात वेगळी माहिती भरते. इंग्रजी 'कसं' ते क्रियापदातच कोंबते आणि दिशा एका छोट्या शब्दावर सोडते: 'स्टॅगर्ड आउट'. आपण म्हणतो, 'झोकांड्या खात बाहेर आला'. माहिती तेवढीच, फक्त वायरिंग वेगळं! पण त्यामुळे एक होतं. आपल्याकडे 'कसं' हा भाग वेगळा असल्याने तो गाळला तरी वाक्य पुरं होतं, आणि घाईत आपण तो गाळतोच.

हे गाळणं महागात पडू शकतं. गेल्या वर्षी आजीला डॉक्टरांकडे नेलं. आई म्हणाली, "यांना चालताना त्रास होतो." डॉक्टरांनी विचारलं, "त्रास म्हणजे कसा? झोक जातो, पाय घासतात, की चालताना डुलतात?" आम्ही एकमेकींकडे बघत असताना आजीच बोलली, "झोक नाही जात हो. पाय जमिनीला चिकटल्यागत होतात. खुरडत चालते मी." डॉक्टरांनी तिला चालवून, वळवून पाहिलं, हात तपासले. निदान निघालं पार्किन्सन्सचं.

नंतर वाचलं, जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, तो फक्त सहा रुग्णांवर. त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसले होते! पुढे झुकून चालता चालता माणूस आपोआप धावत सुटतो, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. नुसत्या चालीवरून निदान होत नाही, तपासणी लागतेच. पण कुठे शोधायचं ते कळतं. झोकांड्या जात असतील तर लहान मेंदू किंवा कान, डुलत चालणं असेल तर कमरेचे स्नायू, पाय घासत असतील तर आणखी वेगळं काही.

आजी आता औषधं घेते, आणि अंगणातल्या तुळशीपर्यंत स्वतःच्या पायांनी जाते. तेव्हा मंडळी, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबा कसे चालतात ते जरा बघा. काही वेगळं दिसलं तर 'त्रास होतो' एवढ्यावर थांबू नका. लंगडतात, लटपटतात, अडखळतात की खुरडतात, ते नेमकं सांगा. शब्द इंग्रजी असो वा मराठी, नेमका असला म्हणजे झालं!